चिमणीचा टॅको

शेतकरी बाजारात टॅको-बरिटोचा गाडा लावणाऱ्या काकूंना एक खोड होती. ओळखीचं गिऱ्हाईक फाटकातून आत शिरताना दिसलं, की त्या काही न विचारता मक्याच्या पोळ्या तव्यावर टाकून मोकळ्या व्हायच्या. आज नेहमी येणारे एक नवराबायको कितीतरी दिवसांनी दिसले आणि काकूंचे हात आपसूक चालू लागले. सगळ्यात आधी त्यांच्या लेकीचा, चिमणीचा छोटा टॅको. तोही मिरचीच्या चटणीचा डबा उघडायच्या आत, चुकूनही तिखट लागायला नको म्हणून. मग नवऱ्याचा बरिटो, शेवटी बायकोचे दोन टॅको.

"आणि आमची चिमणी कुठं रेंगाळली?"

त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बायकोनं त्याचा हात दाबला.

"येतेय मागून," ती म्हणाली आणि ताटली घेऊन बाकावर जाऊन बसली.

थोड्या वेळानं काकूंनी पाहिलं, तर तिच्या डोळ्यांना धार लागलेली. त्या पाण्याचा ग्लास घेऊन लगबगीनं गेल्या.

"तिखट झालं का गं?"

"हो काकू, जरा झालंय."

काकूंचं लक्ष ताटलीकडे गेलं. तिचे दोन्ही टॅको जसेच्या तसे होते. संपला होता तो चिमणीचा. ग्लास हातात तसाच धरून काकू तिच्या शेजारी मटकन बसल्या.

"तुम्ही तिच्यासाठी करायला घेतलंत," ती हळूच म्हणाली, "मला तुम्हाला थांबवता आलं नाही, काकू."