चौथ्या दिवशी उघडणारं पान

शेजारच्या चंदनावहिनींच्या अंगणात एक झुडूप आहे. सांगलीच्या वाचनालयात हयात काढूनही मला त्याचं नाव सापडलं नाही. कदाचित माझंच वाचन अपुरं असेल. माशी बसली की त्याचं पान मिटतं. चौथ्या दिवशी उघडतं, तेव्हा आत फक्त पंख उरलेले असतात.

वहिनींची द्राक्षबाग त्यांच्या दिरानं, भरतेशनं, खोट्या कागदावर लाटली. साक्षीदार म्हणून सही माझी होती.

क्षमावाणीच्या, म्हणजे जैनांच्या एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी, सकाळी भरतेश हात जोडून आला; बोटात त्याची जाड सोन्याची अंगठी होती. मी कुंपणाआडून पाहत होतो; आत जायचा धीर झाला नाही.

"उत्तम क्षमा, वहिनी. आणि जैनाच्या घरात हे मांस खाणारं झाड?"

"मी घालत न्हाई, भावजी. त्याचं ते खातंय."

तेवढ्यात एक पान मिटलं. त्यावर माशी नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी बागेत गेलेला भरतेश परतलाच नाही. दुपारी ते पान उघडलं आणि त्याची अंगठी मातीत पडली.

मी तसाच वहिनींच्या दारात गेलो आणि क्षमा मागितली.

"आवं अण्णा, तुमच्यावर कसला राग?" त्या हसल्या. "बसा, च्या टाकते."

त्यांच्या मागे दुसरं पान सावकाश मिटत होतं.