सात गडी

“नाव छापेल शे ना, भाऊ?”

रहीम पिंजारी टेबलापलीकडे उभा होता. भुवयांवर कापूस बसलेला. कापूस कुठला नि पिकली भुवई कुठली, कळू नये. रविवारी धुळ्यात खानदेश संघाच्या जुन्या खेळाडूंचा सत्कार होता. ज्याचं नाव पेपरात छापून आलेलं, त्यालाच बोलावणं. तेवढ्यासाठी तो भडगावहून पहिल्या एस्टीने आला होता.

चुडामणने एकोणसाठ सालची फाईल उघडली. आज तो क्रीडा पानाचा संपादक. तेव्हा त्याच संघाचा सलामीचा फलंदाज. भुसावळला मॅटिंगवर सामना झालेला. त्या काळी बातमीदार नसे, खेळणाऱ्यांतल्याच कुणीतरी बातमी लिहून धाडायची. चुडामणने धाडली. त्याच बातमीने त्याला ही खुर्ची मिळवून दिली.

पान सापडलं. चुडामणच्या एक्केचाळीस धावा, एकेक फटका. चुडामणने घेतलेला झेल. मग एकच ओळ: इतरांनी चांगली साथ दिली.

त्या दिवशी रहीमने सात गडी बाद केले होते. अनवाणी.

चुडामणने चटकन पानावर हात ठेवला. मग त्याला आठवलं, संघाच्या यादीवर रहीमचा अंगठा असायचा. त्याला धीर आला. ओळीवर बोट ठेवून तो वाचू लागला.

“रहीम पिंजारीपुढे समोरचा संघ पाचोळ्यासारखा उडाला. सात गडी! असा वारा खानदेशाने पाहिला नव्हता.”

रहीमने डोळे मिटले. “आखो एकदाव वाचा, भाऊ.”

चुडामणने पुन्हा वाचलं. या खेपेला दोन त्रिफळे जास्त उडवले. झकास जमलं. तीस वर्षांत इतकं चांगलं त्याच्या हातून उतरलं नव्हतं.

“समितीला मी सांगतो,” फाईल मिटत तो म्हणाला. “तुझी खुर्ची माझ्या शेजारी.”

“नको, भाऊ.”

रहीमने बंडीच्या खिशातून एक घडी काढून टेबलावर उलगडली. तेच पान. घड्यांवर विरलेलं, मागून गादीच्या कापडाची पट्टी चिकटवलेली.

“हाई मनाजोडे बी शे. वाटनं, दुसऱ्या दिवसना अंकमा तरी मनं नाव व्हई.”

“तुला... वाचता येतं?”

“सामना झाया तवय तुम्हीच सांगेल व्हतं, रहीम, तुनं नाव छापेल शे. तेच वाचाले मी अक्षरं शिकनू.”