दिनकररावांचा कागद

दिनकरराव अंगणात शिरले आणि हलगी थांबली. गुलाल मात्र उडतच राहिला, कारण मागच्या बायकांना काही दिसत नव्हतं. पंधरा वर्षं सरपंच राहिलेला माणूस निवडणुकीत पडल्यावर तासाभरात जिंकणाऱ्याच्या दारात येतो, हे गावानं कधी पाहिलं नव्हतं.

"अभिनंदन करायला न्हाई आलो," दिनकरराव म्हणाले. "सिद्धोधनला एक इचारायचंय."

निवडून आली होती सिद्धोधनची बायको, संघप्रिया. ती गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची. राजकारणाशी तिचा संबंध एवढाच, की दोन्ही पार्ट्यांच्या बायका तिच्याकडं एकाच बाकड्यावर बसून मापं द्यायच्या. गाव पुढाऱ्यांना पार विटलं होतं. ओढ्यावर पूल बांधू, असं पुढारी दर इलेक्शनला सांगायचे आणि पोरी दर पावसाळ्यात दप्तर डोक्यावर घेऊन ओढ्यातून शाळेला जायच्या. यंदा कमलबाई चारजणींना घेऊन संघप्रियाच्या दारात येऊन बसल्या.

"मावशी, मला भाषण येत न्हाई," संघप्रिया म्हणाली.

"म्हणूनच तुला उभं करायलोत," कमलबाई म्हणाल्या.

घोटाळा एकच झाला होता. भोंगा लावलेली रिक्षा गावात एकच, आणि ती सिद्धोधनची. रेशन आलं, शेळी हरवली, नळाला उद्या पाणी नाही, सगळं गावाला त्याच्याच आवाजात कळायचं. आणि बायकोचा फॉर्म भरायच्या आधीच त्यानं दिनकररावांच्या प्रचाराला जबान दिली होती. आता जबान फिरवायची कशी? मग काय, सकाळी बायकोच्या हातची भाकरी खायची आणि रिक्षा घेऊन तिच्याच विरोधात गावभर हिंडायचं. संघप्रिया दारोदार पायी फिरायची. आठ दिवसांत दोघं कितीदा तरी समोरासमोर आले. भोंगा म्हणायचा, "दिनकररावांनाच प्रचंड मतांनी विजयी करा!" ती पदर तोंडाला लावून हसायची आणि पुढच्या घरात शिरायची. देवगाव फाट्यापर्यंत लोकांना ही गंमत ठाऊक झाली होती.

"बोल," दिनकरराव म्हणाले. "बायकोपायी माझ्या प्रचारात कसूर केलीस का न्हाई?"

सिद्धोधन काही बोलायच्या आत दिनकररावांमागून आलेले किशनराव पुढं झाले. ते दिनकररावांच्याच पार्टीचे, आज तालुक्याला सेलूत मतमोजणीला त्यांच्याच बाजूनं बसले होते. "अण्णा, खोटं कशाला बोलावं? दिवसातून चारदा रिक्षा माझ्या दारावरून गेली."

"आमच्या गल्लीत तर पाचदा," कमलबाई म्हणाल्या. "कान किटले बाई!"

लोक हसले. दिनकररावांनाही ते कबूल करावं लागलं. राजकारणात मुरलेला माणूस, पण ऐकलेलं ऐकलं नाही म्हणण्याइतका वाईट नव्हता.

"ऐकलं तर मीबी," ते म्हणाले. "दोन दिवस दुपारचं जेवण सोडून गॅलरीत उभं राहून ऐकलं. मी सवता रात जागून कागद लिहून दिलता. पूल, दवाखाना, शाळेची भिंत, स्मशानाचा रस्ता. सगळं बरोबर आलतं. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई."

"मग अण्णा, राहिलं काय?" किशनराव म्हणाले.

"राहिलं हे, की एवढं चांगलं बोलूनबी मी पडलो. कुठंतरी पाणी मुरायलंय." दिनकररावांनी बोट दाखवलं. गुलालानं माखलेली साक्षी, सिद्धोधनची आठवीतली लेक, हलगीशेजारी उभी होती. "लेकीच्या डोक्यावर हात ठेव आन सांग. दिलेल्या कामात काहीच इकडंतिकडं केलं न्हाई म्हणून. तू म्हणलास की मी गपगुमान घरी जातो. आन उद्या तुझ्या बायकोला हार घालतो, समद्या गावाम्होरं."

साक्षी स्वतःच बापापुढं येऊन उभी राहिली. सिद्धोधननं हात उचलला. तो तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

आता मागच्या बायकांनीही गुलालाच्या मुठी मिटल्या. आयुष्यात पहिल्यांदा संघप्रियानं काही जिंकलं होतं, दारोदार फिरून, पायाला फोड येईपर्यंत. आज सकाळपासून तिला इतका आनंद झाला होता की तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. पण नवऱ्याच्या बेइमानीवर मिळालेली खुर्ची तिला एक दिवसही नको होती.

"बोला," ती म्हणाली. "काय असंल ते समद्यांसमोर बोला. मला लपवून ठिवलेलं सरपंचपद नको."

"बघा!" दिनकरराव गर्दीकडं वळले. "नवीन सरपंचीणबाईच म्हणायल्यात. बोल की आता!"

सिद्धोधननं आधी बायकोकडं पाहिलं, मग दिनकररावांकडं. गुन्हा कबूल करावा तसे त्यानं दोन्ही हात जोडले.

"अण्णा, चुकलं माझं. तुमचा कागद मी वाचलाच न्हाई. पहिल्याच दिवशी घसा बसला, घरात बोलण्यापुरताच आवाज उरला, तो आज सकाळी सुटला. आठ दिवस गावात वाजलं ते मागच्या इलेक्शनला तुमच्यासाठी माझ्याच आवाजात केलेलं रेकॉर्डिंग व्हतं."