काकांचा ठिपका

"माझं काय निघालं गं त्यात?" वरच्या मजल्यावरच्या खानोलकर काकांनी दारातूनच विचारलं.

रेवती विद्यापीठात कॉम्प्युटरच्या मदतीनं समाजाचा अभ्यास करायला शिकत होती. प्रकल्पासाठी तिनं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज सगळ्यांच्या परवानगीनं घेतले होते. कोण कोणाशी बोलतं, त्याचं जाळं काढायचं. माणूस म्हणजे ठिपका, उत्तर म्हणजे रेघ. मेसेज आधी चाळून घ्यावे लागतात, नाहीतर कचराच फार. 'सुप्रभात' आणि फुलांचे फोटो पहिल्याच फटक्यात गेले. काका त्याखेरीज काही पाठवतच नसत, त्यामुळे जाळ्यात त्यांचा ठिपकाच उरला नव्हता.

"काका, सुप्रभातचे मेसेज धरत नाहीत त्यात," ती जपून म्हणाली. "त्यांना कोणी उत्तर देत नाही ना."

"उत्तरासाठी कुठे पाठवतो मी?" काका हसले. "एकटा राहतो. एखाद्या सकाळी फूल आलं नाही, तर कोणीतरी येऊन दार वाजवेल, एवढंच."

ते जिना चढून गेले. रेवतीनं फोन उघडला. सोसायटीचा ग्रुप तिनं गेल्या दिवाळीपासून म्यूट करून ठेवला होता.