आत्याच्या पाठीत धपाटे

"फोन बाळाच्या कानाला लाव रे," वृद्धाश्रमातल्या खोलीतून वच्छीआत्याने भाच्याला फर्मावलं. लॉकडाऊनमुळे बारसं व्हिडिओ कॉलवर होतं, तरी भाच्याला बहीण नसल्याने नाव ठेवायचा मान वच्छीआत्याचाच.

"कुर्रर्र..." करून तिने हळूच नाव सांगितलं. तिकडे घरात टाळ्या पडल्या.

"पण आत्या, आता तुझ्या पाठीत धपाटे कोण घालणार?" भाच्याने विचारलं. "त्याशिवाय बारसं पुरं होतं होय?"

दारात लांब उभ्या असलेल्या नर्सकडे आत्याने वाकून पाठ केली. "ये गं, घाल!"

नर्सने हातमोजे चढवले आणि बिचकत एक धपाटा घातला. आत्या खिदळली. मग दुसरा, तिसरा. फोनमध्ये सगळं घर ओरडायला लागलं. पाचव्याला नर्स थांबली. आत्या मात्र तशीच वाकून उभी.

"अगं, थांबलीस का? चार महिन्यांनी पाठीवर कुणाचा तरी हात पडलाय. घाल अजून!"