दुपट्टा
यवतमाळच्या गाण्यांच्या संग्रहालयात उकंडाचा पुतळा उभा होता. हातात माइक आणि तोंड भीमगीत गाताना व्हायचं तसंच उघडं. वर भोंग्यातून त्याचाच खडा आवाज येत होता. संग्रहालयाच्या साहेबांनी मागितला, म्हणून कांताबाईनं नवऱ्याचा दुपट्टा गावाहून आणला होता. “खांद्यावर टाका, आजी,” साहेब म्हणाले. दुपट्टा उलगडताना तिला कपाशीचं वावर आठवलं. पाठीवर फवारणीचे पंप घेतलेले सारे गडी तोंड बांधून होते, एकटा उकंडा गात चालला होता. “तोंड बांधा ना जी,” म्हणत तिनं त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात घातला. “मंग गानं कसं म्हनू वो?” तो हसला. उडतं विष उघड्या तोंडातून आत गेलं. दुसरी सकाळ उकंडानं पाहिली नाही. कांताबाईनं दुपट्टा पुतळ्याच्या तोंडावर करकचून बांधला. “अहो आजी, खांद्यावर!” “तवा खांद्यावरच होता, साहेब.”