डब्यातली कुमुद

कर्जतला शकूरभाई पेंटरांकडे मी माथेरानच्या गाडीचा खेळण्यातला छोटा लाकडी डबा रंगवायला शिकत होते. मी जमिनीवर बसलेले, शेजारी सतरंजीवर माझी कुमुद. अडीच वर्षांची झाली, तरी अजून एकदाही उभी राहिली नव्हती. माझा अर्धा जीव कायम तिच्यातच.

“वहिनी, ही भिंत नाय सारवायची,” ब्रशच्या रेघा बघून शकूरभाई हसले. “रंग दुधासारखा पातळ करा. शेवटचा थर एअरब्रशने.”

एअरब्रश फुसफुसू लागला. ओला डबा आरशासारखा चकाकला आणि त्यात माझ्या पाठीमागे कुमुद दिसली. उभी.

मी दचकून शेजारी पाहिलं. ती सतरंजीवर बसलेलीच होती.

“थांबू नका, ओघळ येईल!” शकूरभाई ओरडले. मग त्यांचीही नजर डब्यावर गेली. “या अल्ला,” ते हळूच म्हणाले. “वहिनी, आता तर थांबूच नका.”

मी फवारत राहिले. रंगातल्या कुमुदने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. माझे डोळे भरून आले.

सतरंजीवर बसलेली कुमुद माझ्याकडे बघून हसली, आणि मागून माझ्या खांद्यावर एक चिमुकला, उबदार हात टेकला.